पहाटे सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही

पत्र :

नमस्कार काका. मी निफाड तालुक्यात राहतो. माझी २०१३ सालची सहा टायरी गाडी आहे, बीएस-३, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची. लासलगावचा कांदा आणि सीझनमध्ये द्राक्षाचे क्रेट वाशीला नेतो. डिसेंबर लागला की पहाटे गाडी चालू होत नाही. सेल्फ घुर्र... घुर्र... असा जड फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन उचलत नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढली की दहा-पंधरा फुटांत चालू होते आणि मग दिवसभर अर्ध्या सेल्फला उचलते. मागच्या महिन्यात दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, तरी तेच. बसवताना बॅटरीवाला म्हणाला होता की अर्थची वायर गरम लागतेय, पण ते तेवढ्यावरच राहिलं. आता एक मिस्त्री म्हणतो, पंप उतरवून कॅलिब्रेशन करा, नोझल बदला. दुसरा म्हणतो, इंजिन खाली झालंय, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर बदलावे लागतील. ओळखीचे ड्रायव्हर सांगतात, एअर क्लीनरच्या तोंडाशी पलिता धर, नाही तर टाकीत रॉकेल टाक. कधी कधी हायवेवर स्वस्तातलं बायोडिझेल भरतो, त्याचा तर दोष नसेल? जानेवारीत कांद्याची एक खेप श्रीनगरला न्यायचं चाललंय. बॅटऱ्या उसने पैसे घेऊन टाकल्या. पंपाचा खर्च आता झेपायचा नाही. काय करू?

उत्तर :

भाऊ, आधी त्या पंपवाल्या मिस्त्रीला फोन करा आणि सांगा की पंप उतरवायचा नाही. हाफ इंजिनचाही विषय सध्या बाजूला ठेवा. तुमच्या गाडीला काय झालंय याचा मोठा भाग तुम्ही पत्रातच लिहिलाय, फक्त तो तीन वाक्यांत विखुरला आहे.

पहिलं वाक्य धुराचं. सेल्फ मारताना येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल टाकीतून निघालं, फिल्टरमधून आलं, पंपाने ढकललं, नोझलने फवारलं, तेव्हाच हा धूर दिसतो. पंप बसला असता, लाइनीत एअर भरली असती किंवा डिझेल फिल्टरमध्ये गोठलं असतं, तर सेल्फ कितीही मारला तरी सायलेन्सर कोरडाच राहिला असता. म्हणजे तुमचं डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय. तिथे त्याला पेटायला लागते तेवढी उष्णता तयार होत नाहीये.

दुसरं वाक्य ट्रॅक्टरचं. दहा-पंधरा फूट ओढल्यावर गाडी उचलते. रिंगा आणि लायनर खरोखर संपले असते, तर गार इंजिन इतक्या लवकर उचललं नसतं. अर्धा रस्ता ओढावी लागली असती आणि चालू झाल्यावरही बराच वेळ खडखडत, धूर ओकत राहिली असती. ट्रॅक्टर एकच गोष्ट करतो : इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरवतो. जोरात फिरलं की उचलतं, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधल्या हवेवर पडणारा दाब, कामापुरतं आहे, कमी पडतोय तो फिरण्याचा वेग.

आणि तिसरं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अर्थची वायर गरम लागते. चांगली वायर पाच-सात सेकंदांच्या सेल्फने हाताला चटका देण्याइतकी तापत नाही. ती तापते याचा अर्थ बॅटरीची ताकद स्टार्टरपर्यंत पोचण्याऐवजी वाटेत जळते आहे. बॅटरीवाल्याने दुखण्यावर बोट ठेवलं होतं. तिथेच पाच मिनिटं दिली असती तर कदाचित तुमचे बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

आता हे थंडीतच का होतं, ते नीट सांगतो, कारण ते कळलं की पुढे कोणीही काहीही सुचवलं तरी तुम्हीच ठरवू शकाल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, साधारण सतरा भागांची एक भाग करतो, आणि त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की ते आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना हात भरभर चालवला तर पंपाचं खालचं टोक गरम होतं. तेच सावकाश रेटलं तर हवा भरते, पण पंप गारच राहतो. इंजिनाचंही तसंच आहे. पिस्टन हळू वर आला की दाबलेल्या हवेची ऊब गार लायनरमध्ये मुरते, थोडी हवा रिंगांच्या फटीतून खाली निसटते, आणि वर पोचेपर्यंत पेटवण्याजोगं काही उरत नाही. त्यातून आत येणारी हवा मुळातच गार. दुपारी तीस अंशांची हवा आत जाते, पहाटे पाच अंशांची.

त्याच वेळी बॅटरी आखडते. शिशाच्या बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद शून्य अंशाजवळ साधारण एक तृतीयांशाने कमी होते. आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे फिरवायला ताकद जास्त लागते. देणारा कमी देतो आणि घेणारा जास्त मागतो, असा दोन्हीकडून ताण पडतो. दिवसा चालून जाणारा वायरीतला थोडासा तोटा पहाटे चालत नाही.

निफाडची थंडी मला परकी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. बागाईतदार द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात, ड्रिप सोडतात. माणसाला आणि वेलीला ती थंडी खरीच आहे. पण डिझेल इंजिनाला पाच अंश म्हणजे थंडी नव्हे. धडधाकट गाडीने पाच अंशांना कोणत्याही हीटरशिवाय, स्प्रेशिवाय, दोन-तीन सेकंदांत उचललं पाहिजे. तुमची उचलत नाही, कारण गाडीत आधीपासून असलेली उणीव या गारठ्यात उघडी पडते. ती शोधायची.

त्यासाठी एक साधा डिजिटल मीटर आणि एक माणूस लागेल. मीटर नसेल तर गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडून एका सकाळीपुरता मागून आणा. हे सगळं पहाटेच करायचं, गाडी रात्रभर उभी असताना. दुपारी गरम गाडीवर मोजलं तर सगळं बरोबरच दिसेल.

चावी लावायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाव उतरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. दोघींच्या आकड्यात ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर मला एक प्रश्न विचारायचाय : टेप, मोबाइल चार्जर किंवा केबिनचे एलईडी दिवे एकाच बॅटरीवरून घेतलेत का? आपल्याकडे निम्म्या गाड्यांत हेच असतं. चोवीस व्होल्टची गाडी, बाराचा टेप, म्हणून वायरमन एका बॅटरीवरून लाइन काढून देतो. मग एक बॅटरी रोज उतरते आणि तिची जोडीदार रोज गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. तसं असेल तर नव्या बॅटऱ्यांचाही वर्षभरात तोच हाल होईल. चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवून घ्या.

आता इंजिन चालू होणार नाही अशी व्यवस्था करा. इंजिन बंद करायची दोरी ओढून धरली की डिझेल तुटतं. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडाची ओट. केबिनमधल्या माणसाला पाच-सहा सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्यात दोन्ही बॅटऱ्यांचा मिळून व्होल्टेज बघा. एकोणीसच्या खाली गेला तर बॅटऱ्या कमजोर आहेत किंवा स्टार्टर नको तितका करंट ओढतोय. एकोणीस-वीसच्या वर टिकला तर बॅटऱ्या आपलं काम करतायत.

मग गाडीखाली जा. मीटरची एक पिन स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर, दुसरी स्टार्टरच्या अंगावर, रंग नसलेल्या जागी. पुन्हा सेल्फ. इथे बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी दिसला तर हरकत नाही. तीन-चार व्होल्ट कमी दिसले, आणि तुमच्या गाडीत तसंच दिसेल असं मला वाटतं, तर तेवढी ताकद वायरींनी खाल्ली.

यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हिशेब मांडतो. सेल्फ फिरताना साधारण ४०० अँपिअर करंट वाहतो असं धरा. एखाद्या गंजलेल्या जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आहे. ४०० गुणिले ०.०१, म्हणजे ४ व्होल्ट तिथेच गेले. आणि ४ व्होल्ट गुणिले ४०० अँपिअर म्हणजे १६०० वॅट. कपड्यांच्या इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता त्या एका जोडात तयार होते. तुमची वायर गरम का लागते, ते यात आलं. मीटर ओहमवर लावून हा दोष सापडत नाही, साधा मीटर एवढा बारीक अडथळा दाखवतच नाही. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

तोटा नेमका कुठे, ते तुकड्या-तुकड्याने पकडा. मीटर वीस व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खुद्द शिशाच्या खांबावर, त्याच्यावरच्या क्लॅम्पवर नाही, दुसरी चेसिसवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तो तुकडा पास. मग चेसिस ते इंजिन ब्लॉक. मग पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा बोल्ट. बॅटरी कटऑफ स्विच असेल तर त्याच्या दोन्ही बाजू. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारा मधला तुकडा, तो सगळे विसरतात. जिथे आकडा व्होल्टभर किंवा त्याहून मोठा येईल, तिथे चोर सापडला.

माझा पैजेचा अंदाज सांगू? चेसिस ते इंजिन ही पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून चेसिसमधून करंट इंजिनात यायला एक वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी असते. पॉझिटिव्हने जेवढा करंट स्टार्टरकडे गेला, तेवढा सगळा याच पट्टीतून परत यावा लागतो. तिच्यावर ऑइल, चिखल, उसाच्या मळीचं पाणी, सगळं पडतं. माझ्या वर्कशॉपच्या दिवसांत एक दहा टायरी गाडी आली होती. मालकाने पंप दोनदा करून घेतला होता, स्टार्टर बदलला होता. तरी पौष महिन्यात रोज सकाळी धक्का. मी खाली गेलो तर पट्टी बाहेरून चकाचक, बोल्ट घट्ट. पाना लावून उघडली तर लगच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कड्याच्या, खाली चेसिसचा काळा रंग, जाड थराचा. पासिंगच्या आधी चेसिस रंगवली होती आणि पट्टी रंगावरच आवळली होती. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासून धातू उघडा केला, पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मालक स्वतः वर्कशॉपवर आला, गाडी घेऊनच. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही. दोन पंपांचे पैसे त्याच्या डोळ्यांपुढे असणार.

म्हणून विचारतो, तुमच्या गाडीचं शेवटचं पासिंग कधी झालं? चेसिस रंगवली होती का?

दुरुस्ती करताना लग आणि बसायची जागा, दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा. वॉशर दात्यांचा वापरा. आधी आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. वायर आतून हिरवी पडली असेल किंवा लगजवळ कडक झाली असेल तर बदला. नवी वायर तांब्याचीच आणि निदान मूळच्या जाडीची घ्या, आणि लग दाबयंत्राने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून छान दिसतो आणि सहा महिन्यांत आतून ढिला होतो.

वायरी सगळ्या पास झाल्या, स्टार्टरवर व्होल्टेज पूर्ण पोचला, तरी सेल्फ जडच फिरला, तर स्टार्टर उतरवून बुश आणि कार्बन दाखवा. बुश झिजले की आतला आर्मेचर बाजूला घासतो. गरम असताना कसाबसा फिरतो, गार असताना अडतो. हे काम पंपाच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाचं आहे.

तोवर आजपासूनच एक गोष्ट करा, फुकटची आहे. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून धरा आणि हेडलाइट, फॅन, टेप सगळं बंद ठेवा. गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल घुसळायची ताकद वाचते, ती इंजिनाला मिळते. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका. मधे एक-दोन मिनिटं थांबा, बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टरही थंड होतो.

ऑइलबद्दल. तुम्ही कोणतं वापरता ते लिहिलं नाहीत. १५डब्ल्यू-४० असेल आणि वेळेवर बदललं असेल तर निफाडच्या थंडीत त्याचा दोष नाही, ते शून्याच्या बरंच खालीही काम देतं. पण जुन्या सवयीने कोणी नुसतं ४० नंबरचं ऑइल भरत असेल, किंवा बदलायची वेळ टळून ऑइल काजळीने दाट झालं असेल, तर सेल्फ जड होतो. एकदा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फटही तपासून घ्या, गार इंजिनावर, कंपनीच्या मापाने. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. तासाभराचं काम आहे, आणि हाफ इंजिनचा निर्णय त्याआधी कोणी घेत असेल तर त्याला थांबवा.

ज्यांच्या गाडीची लक्षणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगून टाकतो. सेल्फ जोरात फिरतो पण धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचत नाहीये. गाडी उचलते, काही सेकंद चालते, मरते, आणि हात पंप मारला की पुन्हा चालू होते, तर रात्रीत कुठेतरी एअर शिरते. जुना रबरी होज आणि डिझेल पाइपच्या पोकळ बॅंजो बोल्टचे कॉपर वॉशर गारठ्यात आकसतात, तिथून डिझेल गळत नाही पण हवा आत जाते, आणि लाइनीतलं डिझेल टाकीत उतरतं. फिल्टरला येणाऱ्या लाइनीत रात्रीपुरता पारदर्शक पाइपचा तुकडा घातला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. आणि गाडी नीट चालू होऊन पाच-दहा मिनिटांत हळूहळू मरते, तर डिझेलमधलं मेण फिल्टरला बसतंय.

मेणाचा विषय निघाला म्हणून तुमच्या बायोडिझेलच्या प्रश्नाकडे येतो. आजच्या दुखण्याचं ते मुख्य कारण दिसत नाही, पण ते बंद करा, आजपासून. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण विरघळलेलं असतं आणि गारठ्यात ते वेगळं होऊन फिल्टरवर साचतं. आपल्या देशातल्या मानकात यासाठी दोन ऋतू धरले आहेत : फिल्टर तुंबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश. हिवाळी माल नोव्हेंबरपासून येतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये भरून टाकीत राहिलेलं डिझेलसुद्धा निफाडच्या पहाटेला त्रास देऊ शकतं. आणि पाम तेलापासून केलेलं बायोडिझेल तर पंधरा अंशांच्या आसपासच धुकट होऊ लागतं. हायवेवर ड्रममधून मिळणारा माल तर बायोडिझेल असतो की आणखी काही, हे विकणाराही सांगू शकत नाही. लिटरमागे वाचलेले रुपये तुमच्या पंपाच्या प्लंजरमधून आणि नोझलमधून वसूल होतील. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू रोज सकाळी थोडा सोडून पाणी काढत जा, आणि रात्री टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या टाकीत हवेतली वाफ निवते आणि पाणी डिझेलखाली जमतं.

पलित्याचं काय करायचं, हे विचारलंत. करू नका, भाऊ. हे मी कळकळीने सांगतोय. जळती चिंधी एअर क्लीनरच्या तोंडाशी धरली की इंजिन ती ज्योत आणि चिंधीचे तुकडे आत ओढतं. एअर क्लीनरचा कागदी फिल्टर पेटतो, शेजारी ऑइलने माखलेले पाइप असतात, वर केबिन, मागे क्रेटवर ताडपत्री. काही ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करतात, तेही असंच. फिल्टर गरम करायची वेळ खरोखर आलीच तर जाड फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून फिल्टरला गुंडाळा. दोन-तीनदा बदला. उकळतं पाणी थेट पंपावर ओतू नका. त्याच्या आतले भाग मायक्रॉनच्या मापाने बसलेले असतात, अचानक फुगले की अडकतात.

स्टार्टिंग स्प्रेची सवय लावू नका. त्यातला चटकन पेटणारा ईथर पिस्टन वर यायच्या आत पेटतो, इंजिन ठोकतं, आणि रिंगांच्या मधला पिस्टनचा भाग तुटतो. हीटर प्लग असलेल्या पिकअप-जीपमध्ये तर स्प्रे मारूच नये, तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो. रॉकेलने डिझेल पातळ होतं हे खरं, पण पंपाला लागणारा ओशटपणाही जातो. रेशनचं निळं रॉकेल गाडीत सापडलं तर गुन्हा दाखल होतो, ते वेगळंच.

ट्रॅक्टरने ओढण्याबद्दलही मला काळजी वाटते. रात्रभर उभ्या गाडीच्या टाक्यांत हवा उतरलेली असते. इंजिन चालू नाही म्हणजे पॉवर स्टिअरिंग नाही, आणि हवा नाही म्हणजे ब्रेक नाही. समोर दहा फुटांवर तुमचा शेजारी ट्रॅक्टरवर पाठमोरा बसलेला आहे. साखळी तुटली तर तिचं टोक कुठे जाईल सांगता येत नाही. वायरीचं काम होईपर्यंत दुसऱ्या चोवीस व्होल्टच्या गाडीवरून जाड केबलने जंप घ्या. तेव्हा निगेटिव्ह केबल तुमच्या बॅटरीवर न लावता थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ जागी लावा. माझा अंदाज बरोबर असेल तर एवढ्यानेच सेल्फचा आवाज बदललेला ऐकू येईल, कारण खराब पट्टी त्या वाटेतून वगळली जाईल. ही तपासणीही झाली आणि गाडीही निघाली.

बीएस-४ किंवा बीएस-६ गाडीच्या मालकांनी एक ध्यानात ठेवावं. बॅटरी, वायरी, अर्थ यांची तपासणी अगदी हीच. पण कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या नोझलांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, पाइप सेल्फ मारताना ढिला करून डिझेल येतंय का हे बघायला जाऊ नका. तिथला दाब हजारांच्या बारमध्ये जातो, बारीक धारही कातडीतून आत शिरते आणि बोट काढायची वेळ येते. त्या गाडीत सेल्फ हळू फिरला की रेलचा दाबच पुरेसा बनत नाही आणि कॉम्प्युटर नोझल उघडत नाही, म्हणून धूरही दिसत नाही. तिथे स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर आणि आरपीएम वाचायचे.

राहिला श्रीनगरचा प्रश्न. पहाटे निफाडला उचलत नसलेली गाडी घेऊन जम्मू-श्रीनगर रस्त्यावरच्या बनिहालच्या पलीकडे जाऊ नका. आधी इथे सलग आठवडाभर तिने पहिल्या सेल्फला उचललं पाहिजे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, त्यांच्या हिवाळ्यातला सगळ्यात कडक काळ, आणि रात्री पारा शून्याच्या कितीतरी अंश खाली असतो. बर्फाने किंवा दरडीने रस्ता बंद झाला की गाड्या काझीगुंड किंवा उधमपूरकडे रांगेत अडकून पडतात. गाडी उघड्यावर रात्रभर उभी राहणार हे धरूनच निघायचं.

सगळ्यात आधी रेडिएटर. आपल्याकडे कितीतरी गाड्या नुसत्या पाण्यावर चालतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिन ब्लॉकला तडा देतं. तो खर्च हाफ इंजिनच्याही वरचा. चांगलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं की उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. आधीचं पाणी पूर्ण काढून, सिस्टिम धुऊन मगच भरा. आणि कूलंट गोठल्याची शंका आली तर सेल्फ मारू नका, वॉटर पंप मोडेल.

डिझेलचं वर सांगितलंच. हिवाळी डिझेलची मर्यादा ६ अंशांची, आणि तुम्ही जाताय उणे तापमानात. डिझेल गोठू न देणारं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, ते बाटलीवरच्या मापाने टाका, पण जम्मूच्या अलीकडे, डिझेल अजून स्वच्छ असताना. एकदा मेण धरलं की ते विरघळवायची ताकद त्यात नसते. एक जादा डिझेल फिल्टर आणि तो काढायचा पाना केबिनमध्ये ठेवा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतून. यावरून तिकडची थंडी आणि आपली थंडी यांत किती अंतर आहे ते लक्षात येईल. बीएस-६ गाडी नेणाऱ्यांचं डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी, उणे ११ अंशांना गोठतं. टाकीला हीटर असतो आणि चालू झाल्यावर ते वितळतं, पण टाकी काठोकाठ भरू नये.

आणि एक विनवणी. थंडी कितीही वाजली तरी बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपू नका, क्लीनरलाही झोपू देऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. दोन जाड रजया जास्त घ्या.

उद्या पहाटे मोजा आणि मला एवढं कळवा : दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्ट, सेल्फ मारताना बॅटरीवरचा आणि स्टार्टरवरचा आकडा, चेसिस ते इंजिन ब्लॉकचा आकडा, आणि गाडी चालू झाल्यावर थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन बॅटऱ्यांवर दिसणारा चार्जिंगचा आकडा. तो २७.५ ते २८.५ च्या मधे हवा. पट्टी उघडाल तेव्हा लगच्या खालच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून तोही पाठवा.